दारावरचे 'नाळे बा'

नव्वदच्या दशकात कर्नाटकात बऱ्याच ठिकाणी घरांच्या दारावर 'नाळे बा' असे लिहिलेले असायचे. रात्री एक भूत येते, ओळखीच्या आवाजात हाक मारते आणि दार उघडले की संपलेच, अशी अफवा होती. त्यावर लोकांनीच उपाय काढला. भुताने दारावरचे 'उद्या ये' वाचायचे आणि परत जायचे. दुसऱ्या रात्री आले की पुन्हा तेच वाचायचे. आमच्या सासूबाई, म्हणजे अत्ती, ही गोष्ट अजूनही हसत हसत सांगतात. "भूत झालं तरी वाचायला येत होतं की त्याला, आमच्यापेक्षा शिकलेलं!"

गेली दहा वर्षे मी माझ्या वजनाच्या बाबतीत नेमके हेच करत होते. सोमवारपासून, एक तारखेपासून, श्रावण संपल्यापासून, गणपती उठल्यापासून. पाटी दारावर कायमची लटकलेली. अधूनमधून पाटी काढलीही. एकदा जिमचे तीन महिन्यांचे पैसे भरले आणि अकरा दिवस गेले. एकदा नात्यातल्या एका मुलीने छापील डाएट चार्ट दिला. त्यात ब्रोकोली, ओट्स, ऑलिव्ह ऑइल. शहापूरच्या बाजारात मेथीच्या पेंढ्या आणि मुळे ढिगाने पडलेले असताना मी ब्रोकोली शोधत फिरत होते. नवव्या दिवशी घरात शेंगा होळिगे झाली आणि तो चार्ट फ्रीजवरून कधी पडला ते कळलेही नाही.

2024 च्या संक्रांतीनंतर गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गुडघा नंतर पाहिला, आधी वजन केले. उंची 155 सेंटीमीटर, वजन 78 किलो, कमरेचा घेर 98 सेंटीमीटर. आपल्याकडच्या बायकांचा घेर 80 च्या आत असावा असे सांगतात. थायरॉइड ठीक निघाले, म्हणजे तीही सबब गेली. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी ही तपासणी 6.2 आली. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. 6.5 झाले की घरात.

माझ्या आईला मधुमेह होता. चपलेचा अंगठा घासून झालेली एक साधी जखम, ती चिघळत गेली आणि शेवटी पायाची दोन बोटे काढावी लागली. चार महिने तिचे ड्रेसिंग मी केले आहे. पट्टी सोडवताना ती खिडकीकडे बघायची, पायाकडे कधी बघितले नाही. रिपोर्ट हातात घेऊन रिक्षात बसले तेव्हा मला तीच खिडकी दिसत होती.

तुम्हाला वाटेल, एवढी भीती बसल्यावर आता काय, माणूस बदलणारच. मलाही तसेच वाटले. पण भीती पंधरा दिवस पुरते. पहिल्या आठवड्यात मी पहाटे साडेपाचला उठत होते, दुसऱ्या आठवड्यात सहाला, तिसऱ्या आठवड्यात थंडी जास्त आहे असे मला वाटू लागले. भीतीचीसुद्धा सवय होते, हे मला तेव्हा कळले. कौतुकाचेही तसेच. पहिले दोन किलो उतरले की चार जणी विचारतात, त्यानंतर कोणी विचारत नाही.

मला सावरले ते समोरच्या अक्कांनी. त्या कन्नड, निवृत्त शिक्षिका, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. त्यांचे यजमान गेल्यावर त्या रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत फिरायला जायला लागल्या होत्या. एकट्या जायला नको वाटते, तुम्ही येता का, असे त्यांनी विचारले आणि मी हो म्हटले. सकाळी सहाला त्या आमच्या फाटकाशी येऊन म्हणायच्या, "बर्री." बस, एकदाच. बेल वाजवायच्या नाहीत, फोन करायच्या नाहीत.

एका सकाळी मी मुद्दाम गेले नाही. दिवा लावला नाही, पडदा जरासा बाजूला करून पाहिले. अक्का फाटकाशी उभ्या होत्या. शालीचा पदर डोक्यावरून घेतलेला, हातात काठी. पाच मिनिटे, सात मिनिटे. मग एकट्याच निघाल्या, हळूहळू. मी परत येऊन पांघरूण ओढले खरे, पण झोप कसली लागते! दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा मी पावणेसहालाच फाटकात उभी होते. त्यांनी कालचे काही विचारले नाही. विचारले असते तर मी काहीतरी कारण सांगितले असते आणि विषय संपला असता.

वाचकहो, मी स्वतःसाठी कधीच उठले नसते. कोणीतरी बाहेर थंडीत उभे आहे, म्हणून उठत होते. हे फार उदात्त कारण नाही, पण ते रोज सकाळी नवे असते.

घरातली लढाई निराळी. आमचे घर दोन्ही भाषांचे. माझे माहेर शहापूरचे, सासर बैलहोंगलकडचे. मुले आजीशी कन्नडमध्ये भांडतात आणि माझ्याशी मराठीत. अत्तींच्या हाताला चव आहे आणि त्यांचे प्रेम पळीतून येते. त्यांच्या पंगतीत 'साक्री' म्हणजे नकार नव्हे, ती आग्रहाची सुरुवात. "इन्नोंद तगो" म्हणत भाकरी ताटात पडलेली असते. मराठी माहेरी तरी काय वेगळे होते? तिथे 'पुरे' म्हटले की वाढणाऱ्याला ऐकू येत नसे.

आमच्याकडे सगळ्यांचा एक लाडका समज आहे, ज्वारीच्या भाकरीने वजन वाढत नाही. अहो, मी तीन खात होते! त्यावर एण्णेगायीचे तेल, शेंगा चटणीवर पुन्हा तेल, शेवटी भात. भाकरी चांगलीच आहे, पोट धरून ठेवते, पण मोजून खाल्ली तर. मी घरातले तेल मोजायला घेतले तेव्हा महिन्याला पाच लिटर निघाले. माणसे चार. म्हणजे माणशी रोज चाळीस मिलिलिटरच्या वर. एका मोठ्या चमच्यात, पंधरा मिलिलिटर तेलात, साधारण सव्वाशे कॅलरी असतात. हिशेब केला आणि ब्रोकोलीची आठवण येऊन स्वतःचेच हसू आले.

अत्तींना हे सांगायचे कसे? सुनेने सासूच्या हातची कढई काढून घेतली असा अर्थ झाला असता. शेवटी एका दुपारी त्यांना माझ्या आईच्या पायाची सगळी हकीकत सांगितली. त्यांना बोटे काढल्याचे माहीत होते, ड्रेसिंगचे नव्हते. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी बघते तर तेलाच्या भांड्यातली जुनी पळी गेलेली आणि तिथे औषधाच्या बाटलीबरोबर आलेले प्लॅस्टिकचे माप! चटणीवरचे तेल निम्म्यावर आले. आणि ताटात पचडी वाढली. कच्ची मेथी, मुळा, काकडी, कांदापात, वर थोडे शेंगदाण्याचे कूट. ही तर आपल्या उत्तर कर्नाटकाच्या ताटातली मूळची गोष्ट, मध्यंतरी आमच्याकडून सणापुरती उरली होती. मटकीचा पल्या रोज होऊ लागला. भाकऱ्या तीनाच्या दीड झाल्या. दुसऱ्या महिन्याअखेर तेल तीन लिटरांत भागले, म्हणजे माणशी पंचवीस मिलिलिटर. ह्यांनी चवीबद्दल कुरकूर केली, पण आईसमोर नाही.

मार्चअखेर काटा 74.5 वर आला. मी खूश. आणि तिथेच तो अडला. एप्रिल, मे, जून. साडेतीन महिने चाळीस मिनिटे चालून, मोजून खाऊन काटा ढिम्म. सुरुवातीला झटकन उतरते त्यात पाणीही बरेच असते, आणि शरीर हलके झाले की त्याला इंधनही कमी लागते, हे आता मला कळते. तेव्हा फक्त राग येत होता. रोज सकाळी काट्यावर उभी राहायची आणि दिवसभराचा मूड तिथे ठरायचा. त्यात जुलै आला. आपल्या बेळगावचा जुलै, तुम्हाला वेगळे सांगायला नको. छत्री उलटी होते, चपला चिखलात रुततात. अक्कांनी सोप्यात फेऱ्या घालायची टूम काढली. त्यांच्या सोप्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बावीस पावले. आम्ही दोघी तिथे येरझाऱ्या घालायचो आणि त्या मला कन्नड व्याकरण शिकवायच्या. पंचवीस वर्षे कन्नड बोलते आहे, पण चुका ऐकून अक्का कपाळाला हात लावायच्या.

तरीही मी सोडायच्या बेतात होते. जुलैत तपासणीला गेले ती डॉक्टरांना हेच सांगायला, की माझ्या अंगाला हे लागू पडत नाही. एचबीएवनसी आली 5.8. टेपने मोजले तर घेर 92. काटा हलला नव्हता, आतले बरेच काही हलले होते. तेव्हा डॉक्टरांनी चेन्नईच्या एका अभ्यासाबद्दल सांगितले. डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 531 भारतीयांवर तो केला आणि 2006 साली प्रसिद्ध केला. ज्यांनी आहार आणि चालणे सांभाळले त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण इतरांच्या तुलनेत 28.5 टक्क्यांनी कमी राहिले, आणि त्यांचे वजन म्हणावे तसे उतरलेले नव्हते. मी दोनदा विचारले, वजन न उतरता? हो, म्हणाले. घरी आल्यावर काटा कॉटखाली सरकवला. आता तो रविवारी बाहेर येतो. रोजचे माप म्हणून मी जिना ठरवला. ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत कठडा न धरता चढता येते का, एवढेच बघायचे.

हल्ली इंजेक्शनांची चर्चा फार आहे. 2025 मध्ये वजन उतरवण्यासाठीची नवी इंजेक्शने भारतात आली आणि आमच्या भिशीतही त्यांचाच विषय. मी त्यांना नावे ठेवणार नाही, कुणाला त्यांची गरज असेल. मात्र ती भिशीतल्या मैत्रिणीला विचारून घ्यायची वस्तू नव्हे, डॉक्टरांना विचारून घ्यायची.

डिसेंबर 2024 मध्ये नणंदेच्या मुलीचे लग्न झाले, धारवाडला. आठ दिवस आधी जाणे, नंतर सत्यनारायण, मग पाहुण्यांनी आणलेला कुंदा. घरात एकाच वेळी पाच डबे होते, मोजले आहेत. चार आठवडे चालणे बंद. अडीच किलो परत अंगावर. खरी वाईट गोष्ट ती नव्हे. 'गेलेच आहे तर आता काय' असे जे मनात आले, ती वाईट. एकदा कुंद्याचा एक चमचा खाल्ला की उरलेला डबाही आपलाच वाटतो, तसे.

याच सुमारास मुलाने मला एक गोष्ट वाचून दाखवली. सवय एकवीस दिवसांत लागते असे आपण सगळे धरून चालतो ना? लंडनमध्ये फिलिपा लॅली या संशोधिकेने 96 जणांवर हे तपासून पाहिले होते. एखादी गोष्ट आपोआप होऊ लागायला सरासरी 66 दिवस लागतात असा हिशेब निघाला, कुणाला 18 तर कुणाला 254. आणि मधला एखादा दिवस चुकला तर सवयीच्या वाढीवर फारसा परिणाम होत नाही, असेही त्यात दिसले. मी चार आठवडे चुकवले होते, एक दिवस नव्हे. पण एकवीस दिवसांत सवय लागली नाही म्हणून दहा वर्षे स्वतःला आळशी म्हणत आले होते, ते तरी थांबले.

जानेवारीत पुन्हा फाटकाशी उभी राहिले. पहिल्या सकाळी अक्कांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, "लग्न चांगलं झालं म्हणायचं!"

आज पावणेदोन वर्षांनी वजन 69.5 आहे. डॉक्टरांनी 65 सांगितले होते. ते होईल की नाही, मला खात्री नाही. गुडघा पाऊस आला की बोलतो, एरवी गप्प असतो. साखर उंबरठ्याच्या काठावर आहे, 5.6. दर सहा महिन्यांनी ती बघावी लागणार, जन्मभर.

अक्का गेल्या महिन्यापासून हुबळीला मुलाकडे आहेत, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. फाटकाशी कोणी नसते. पहिले चार दिवस मी सहाला उगीचच खिडकीतून बघत होते. आता त्या रोज संध्याकाळी फोन करतात आणि पहिला प्रश्न एकच, "होगिद्रेनु?" मी खोटे सांगत नाही. परवा पाऊस होता, उठवले नाही, गेले नाही. तसेच सांगितले.

"इरली," अक्का म्हणाल्या, "नाळे होग्री." मग त्यांनी माझ्या वाक्यातली क्रियापदाची चूक दुरुस्त केली आणि फोन ठेवला. काल सकाळी मी गेले. रस्ता ओला होता, व्हॅक्सिन डेपोत झाडांवरून अजून थेंब पडत होते आणि दुसऱ्या फेरीला आमच्याच गल्लीतली एक नवीन सून भेटली. तिने विचारले, "वैनी, तुम्ही रोज किती वाजता येता?"

सहाला, म्हटले. तुझे घर कोणते ते दाखव.