टक्का कोणाच्या बेरजेवर?

महाराष्ट्रात बौद्ध किती? कोणी म्हणतो सत्त्याहत्तर टक्के, कोणी म्हणतो सहासुद्धा नाहीत. वाद हातघाईवर येतो. पण गंमत अशी की दोघांचाही आकडा खरा असतो.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्ध ६५,३१,२०० भरले. देशातील सर्व बौद्ध ८४,४२,९७२. त्यांच्यापैकी म्हणून ७७.३६ टक्के. राज्याची लोकसंख्या ११,२३,७४,३३३, तिच्यापैकी ५.८१ टक्के. देशाच्या १२१ कोटींपैकी अवघे ०.५४ टक्के. माणसे तीच, ज्या बेरजेने भागले ती वेगळी.

आपल्या घरांतील पुष्कळ मुले-मुली आज कचेऱ्यांतून एक्सेलवर काम करतात. त्यातील पिव्हट टेबल म्हणजे लांबलचक यादीचा गोषवारा करणारा तक्ता. राज्य, धर्म, लोकसंख्या अशी तीन रकान्यांची यादी त्याला द्यावी. ओळींत वर धर्म आणि त्याखाली राज्य ठेवले की प्रत्येक धर्माची उपबेरीज तयार होते. मग आकड्यावर माऊसचे उजवे बटण दाबून ‘शो व्हॅल्यूज अ‍ॅज’मध्ये ‘% ऑफ पॅरेंट रो टोटल’ निवडावे. बौद्ध गटात महाराष्ट्रापुढे ७७.३६ दिसेल. राज्य वर आणि धर्म खाली केला की महाराष्ट्रात बौद्धांपुढे ५.८१ येईल. ‘% ऑफ ग्रँड टोटल’ घेतले तर ०.५४. उपबेरजेवरील टक्क्याची ही सोय एक्सेल २०१० पासूनची. त्याआधी सूत्र हाताने लिहावे लागे.

सरकारी तक्ता मात्र जसाच्या तसा ओतू नये. त्यात राज्यांबरोबर ‘भारत’ अशीही एक ओळ असते. ती राहून गेली तर उपबेरीज दुप्पट होते आणि ७७.३६ चे ३८.६८ होतात. संगणक काही तक्रार करीत नाही, तो बिचारा सांगितले तेवढे करतो! एकूण, ग्रामीण, शहरी अशा तीन ओळींतूनही ‘एकूण’ तेवढी घ्यावी. आणि गाळणी लावून एकटा महाराष्ट्र ठेवला तर उपबेरीजही त्याचीच उरते. बौद्ध गटात त्याच्यापुढे १०० टक्के येतात.

हा नुसता हिशेबाचा खेळ नाही. अनुसूचित जातींचे प्रमाण सर्वांत जास्त असलेले राज्य पंजाब, ३१.९४ टक्के. पण देशातील अनुसूचित जातींपैकी ४.४० टक्केच लोक तेथे राहतात. उत्तर प्रदेशात ४,१३,५७,६०८ म्हणजे देशातील २०.५४ टक्के. योगायोग असा की त्या राज्याच्या लोकसंख्येतही हे प्रमाण २०.७० टक्के आहे, त्यामुळे तेथे गोंधळ झाला तरी कळत नाही.

महाराष्ट्रात कळतो. राज्यात अनुसूचित जाती १,३२,७५,८९८, म्हणजे राज्याच्या ११.८१ टक्के, देशातील अनुसूचित जातींपैकी ६.५९ टक्के. अनुसूचित जाती उपयोजनेचे सूत्र राज्यातील लोकसंख्येच्या प्रमाणाचे आहे. निधी मागताना कोणी चुकून दुसरा आकडा लिहिला तर दर शंभर रुपयांमागे पाच रुपये बावीस पैसे आपल्याच हाताने सोडले. म्हणून कार्यकर्त्यांनी निवेदनात नुसते ‘११.८१ टक्के’ न लिहिता ‘राज्याच्या लोकसंख्येपैकी, २०११ ची जनगणना’ एवढे शब्द आकड्याला लागूनच लिहावेत.