थॅच वीव्ह : व्हीएफ-३ स्क्वाड्रनची वीण

प्रशांत महासागरातील युद्धाच्या प्रारंभी अमेरिकी नौदलाचे विमानवाहू नौकांवरील ‘वाइल्डकॅट’ हे लढाऊ विमान वळण्यात आणि उंची गाठण्यात जपानी ‘झीरो’पेक्षा उणे होते, आणि ही उणीव डावपेचाने भरून काढण्याचे श्रेय व्हीएफ-३ या स्क्वाड्रनचे, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकडीचे, प्रमुख जॉन थॅच यांच्याकडे जाते. १९४१ मध्ये घरच्या टेबलावर काड्यापेटीतील काड्या मांडून त्यांनी शोधलेल्या रचनेत दोन विमाने अंतर राखून समांतर उडतात आणि एकाच्या पाठीवर शत्रू आला की दोन्ही एकमेकांकडे वळतात, त्यामुळे पाठलाग करणारा दुसऱ्याच्या मशीनगनसमोर येतो. या वेणीसारख्या गुंफणीलाच पुढे ‘थॅच वीव्ह’ हे नाव पडले. ४ जून १९४२ रोजी मिडवेच्या लढाईत ‘यॉर्कटाउन’ या विमानवाहू नौकेवरील १२ संथ टॉर्पेडो-विमानांच्या, म्हणजे जहाजांवर पाणतीर सोडणाऱ्या विमानांच्या, रक्षणासाठी थॅच यांच्याकडे अवघी ६ वाइल्डकॅट होती, आणि त्यांतील एक प्रारंभीच पडल्यावर त्यांनी दोन साथीदारांसह हीच वीण वापरली, जरी त्यांपैकी एकाला (नवल असे की) ती शिकवलीच गेली नव्हती. हे तिघे तगले. टॉर्पेडो-विमानांपैकी मात्र एकही नौकेवर परतले नाही.