'ताना' कोणाचा?

आषाढात शहापूर-मुरबाडकडे आवणी सुरू झाली, की बायका खाचरात वाकून रोपे लावतात, लावताना गाणी म्हणतात आणि गाता गाता पलीकडचा बांध गाठतात. एका वाक्यात ही तीन रूपे आली: 'वाकून', 'लावताना', 'गाता गाता'. बोलणाऱ्याला त्यांची दखलही नसते. व्याकरणकार मात्र त्यांना धातुसाधिते म्हणतात. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली निघाले, मोरो केशव दामल्यांचे १९११ साली. पण खाचरातल्या बाईला हे सारे त्याआधीपासून येत होते!

प्रत्येक रूपाचे काम वेगळे. 'जेवून निघाला' म्हणजे आधी जेवण, मग निघणे. 'चालत आला' ह्यात चालणारा आणि येणारा एकच. 'ताना'ला मात्र कर्ते दोन चालतात: एसटी माळशेज घाट चढताना धुके उतरले. आणि 'पाहता पाहता भात पोटरीला आले' म्हटले, की दुसरी गोष्ट नकळत घडली, हे न सांगता कळते.

गंमत अशी, की तुर्की भाषा मराठीची ना सख्खी बहीण ना चुलत; तरी तिची सोय अशीच आहे. आपल्या 'चालत'ला तिथे 'युरुयेरेक', 'येताना'ला 'गेलिर्केन'. निघालेल्या पाहुण्याला घरात राहणारा म्हणतो, 'गुले गुले', म्हणजे शब्दशः हसत हसत! शब्दाची द्विरुक्तीसुद्धा आपल्यासारखीच.

पण ह्या सोयीत एक खाचखळगाही आहे. 'मी त्याला भातसेच्या पुलावरून जाताना पाहिले.' पुलावर कोण होते? मी, की तो? ओट्यावरच्या गप्पांत हे चालून जाते. परंतु हेच वाक्य पोलिसांपुढच्या जबाबात उतरले, तर एखादा माणूस नसलेल्या जागी उभा केला जाईल. ही अडचण तुर्कीच्या 'केन'लाही चुकलेली नाही.

उपाय सोपा आहे. कर्ता 'ताना'च्या आधी ठेवावा. 'तो पुलावरून जाताना मी त्याला पाहिले', किंवा 'मी पुलावरून जाताना तो मला दिसला'. शब्द एखाददुसराच बदलला, पण संशयाला जागा उरली नाही.

तेव्हा वाचकहो, कागदावर सही करण्यापूर्वी त्यातल्या प्रत्येक 'ताना'ला थांबवून एवढेच विचारा: बाबा रे, तू कोणाचा?