पान कोरडं, तर करपा लांब

इस्लामपुरात माझं कृषी सेवा केंद्र आहे. आभाळ भरून आलं आणि चार दिवस ऊन पडलं नाही, की काउंटरवर पिशव्यांतून टोमॅटोच्या फांद्या यायला लागतात. शेतकरी तर येतातच. पण परसात दहा झाडं लावलेले शिक्षक, गच्चीवर पोत्यात बटाटा लावलेल्या वहिनी, बंगल्यामागं वाफा केलेले पेन्शनर, सगळे येतात. मागणी एकच, "पानं करपल्यात, जालीम औषध द्या की."

औषध विकणं हा माझा धंदा आहे. तरी बाटलीला हात लावण्याआधी मी पान उलटं करून बघतो, कारण करपा एक नाही, दोन आहेत.

पहिला लवकर येणारा करपा, अल्टरनेरिया नावाच्या बुरशीचा. खालच्या जून पानांवर तपकिरी ठिपके पडतात, ठिपक्यात एकात एक वर्तुळं दिसतात आणि भोवती पिवळी कड असते. उबदार, दमट हवेत तो खालून वर हळूहळू चढतो. सावरायला वेळ मिळतो.

दुसरा उशिरा येणारा करपा. त्याचं शास्त्रीय नाव फायटोप्थोरा इन्फेस्टन्स. पानाच्या टोकाला किंवा कडेला पाण्यात भिजल्यासारखा काळपट हिरवा डाग, खोडावर काळे पट्टे, फळावर तेलकट तपकिरी चट्टा. गार आणि ओली हवा टिकली, तर आठवड्याच्या आत अख्खा वाफा काळा पडतो.

शंका असेल तर घरीच खात्री करता येते. डब्यात ओला कागद अंथरा, त्यावर डागाळलेलं पान खालची बाजू वर करून ठेवा, झाकण लावा आणि रात्रभर सावलीत राहू द्या. सकाळी डागाच्या कडेनं पांढरी, कापसासारखी लव दिसली, तर तो उशिरा येणारा करपा समजा. हे मी गिऱ्हाइकांना आवर्जून करायला सांगतो. एकदा ती लव डोळ्यांनी बघितली, की माणूस पुढच्या वेळी पानाची खालची बाजू आधी तपासतो.

हा रोग सवयीनं आपण बुरशीजन्य म्हणतो, पण तो जीव खऱ्या बुरशीपेक्षा पाण्यातल्या शेवाळाच्या जवळचा आहे. तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांची झोप उडवणारी डावणी त्याच कुळातली. त्याचे बीजाणू वाऱ्यानं येतात आणि ओल्या पानावर पडतात. गारवा असेल तर एकेका बीजाणूतून शेपट्या असलेल्या बारीक पेशी सुटतात, पानावरच्या पाण्यात पोहतात आणि आत शिरतात. त्यासाठी पान काही तास सलग ओलं राहावं लागतं. ते लवकर वाळलं, तर बहुतेक बीजाणू जागीच मरतात. सगळ्या उपायांचं मूळ इथं आहे.

1845 मध्ये आयर्लंडमध्ये हाच रोग बटाट्यावर पडला. गोरगरिबांचं पोट बटाट्यावर होतं आणि शिवारभर मुख्यतः लम्पर ही एकच जात होती. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि रोगराईनं मेली. भारतात निलगिरीच्या डोंगरात 1870 ते 1880 च्या दरम्यान त्याची पहिली नोंद झाली. आपल्याकडचा उन्हाळा त्याला मानवत नाही. पण लांबलेला पाऊस, कृष्णाकाठचं धुकं आणि उसाशेजारी उशिरापर्यंत न वाळणारं दहिवर त्याला पुरतं.

म्हणून टोमॅटोच्या दोन झाडांत दोन फूट अंतर ठेवा. बांबू रोवून सुतळीनं झाड उभं बांधा. जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतची पानं काढून टाका. पाणी सकाळी आणि बुडाशीच द्या. झारीनं पानांवर नको. बुडाशी उसाचं पाचट अंथरा, म्हणजे पावसानं मातीचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत. लवकर येणारा करपा या शिंतोड्यांतूनच चढतो. पानं ओली असताना वाफ्यात हात घालू नका. त्याच जागी दोन-तीन वर्षं टोमॅटो, बटाटा, वांगं, मिरची परत लावू नका.

बटाट्याचं दुखणं बहुधा बेण्यातून येतं. स्वयंपाकघरातला कोंब आलेला बटाटा लावायचा मोह टाळा आणि प्रमाणित बेणं घ्या. झाडांना मातीची भर चांगली लावा, कारण पानांवरचे बीजाणू पावसानं धुऊन खाली उतरतात आणि उघड्या बटाट्याला धरतात. काढणीच्या आधी पाला कापून लांब न्या आणि दोन आठवडे थांबा. साल पक्की होते, साठवणीत सड कमी होते.

आता फवारणी. कॉपर ऑक्सिक्लोराइड किंवा मॅन्कोझेब ही औषधं पानावर थर धरून बीजाणूला अडवतात. आत शिरलेला रोग ती काढत नाहीत. म्हणून फवारणी आभाळ येताना करायची, पान करपल्यावर नव्हे, आणि पानाच्या खालून-वरून दोन्हीकडून. घरी बोर्डो मिश्रण करायचं तर 10 लिटरला 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना लागतो. दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत विरघळवा, मग मोरचुदाचं पाणी ढवळत चुन्याच्या निवळीत ओता. लोखंडी सुरी मिनिटभर बुडवून बघा. तिच्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, थोडा वाढवा. मिश्रण त्याच दिवशी संपवा. बाजारातल्या कोणत्याही औषधाचं प्रमाण आणि काढणीआधी थांबायचे दिवस लेबलवर छापलेले असतात, ते पाळा. मुलंबाळं तीच फळं तोडून खाणार असतात.

एवढं करूनही एखादं झाड काळं पडलं, तर जीव लावून ठेवू नका. ऊन असेल त्या दिवशी उपटा, पिशवीत भरा आणि खोल पुरा. उकिरड्यावर टाकू नका. हे बीजाणू वाऱ्यानं कित्येक किलोमीटर जातात. गावाबाहेर कर्ज काढून टोमॅटो उभा केलेल्या माणसाच्या फडावर ते तुमच्या परसातून पोचू शकतात. तुमची दहा झाडं गेली, तर मंडईतून टोमॅटो आणाल. त्याचं वर्ष जाईल. झाड उपटलं, की त्याच संध्याकाळी शेजारीपाजारी आणि ओळखीच्या शेतकऱ्याला फोन करून सांगा. त्याला फवारणी वेळेत करता येईल.