चिखलात गाडी फसते म्हणून विंच घेताय? आधी कट्टे मोजा, मग पौंड

आंबागड (ता. तुमसर) : पावसाळ्यात आंबागड परिसरातल्या पांदणीत फोर व्हीलर फसणं ही काही बातमी नाही. सातपुड्याच्या पायथ्याची बरड जमीन पाणी लवकर सोडते. पण खाली बांध्यांकडे कन्हार लागली की चाक एकदा बसलं म्हणजे बसलंच. मग कोणाचा तरी ट्रॅक्टर शोधा, साखळी आणा, चार माणसं गोळा करा. मोबाईलवर विंचचे व्हिडिओ पाहिले की अशा वेळी वाटतं, आपल्याही जीपला किंवा पिकअपला समोर एक बसवून घ्यावी. वाटण्यात चूक नाही. पण हजारो रुपये मोजण्याआधी थोडा हिशेब करून घ्यावा.

विंच म्हणजे मोटर, गिअर आणि दोर गुंडाळायचा ड्रम. दोराचं टोक झाडाला बांधायचं, बटण दाबायचं, गाडी स्वतःच स्वतःला ओढून काढते. दुकानात तिची ताकद पौंडात सांगतात. ८,००० पौंड म्हणजे साधारण ३,६०० किलो, ९,५०० म्हणजे ४,३०० आणि १२,००० म्हणजे ५,४०० किलो. सर्वसाधारण नियम असा की भरलेल्या गाडीचं जे वजन, त्याच्या किमान दीडपट ताकदीची विंच हवी. पाच माणसं बसलेली जीप सव्वादोन टनांच्या आसपास जाते, तिला ८,००० ते ९,५०० पौंडांची पुरते.

पिकअपचं गणित वेगळं. रिकामी गाडी १.७ टन धरा. त्यात ४० किलोचे ४० कट्टे धान भरलं की १.६ टन वाढले, एकूण ३.३ टन. आता चिखल. लष्करात फसलेली वाहनं काढताना एक अंदाज वापरतात: चाकं बुडाली तर गाडीच्या वजनाइतकी ओढ लागते, मडगार्डपर्यंत बुडाली तर दुप्पट. म्हणजे ही भरलेली पिकअप मडगार्डपर्यंत गेली तर ६.६ टनांची ओढ. १२,००० पौंडांची विंचही तिथे एकटी हात टेकते. कट्टे उतरवून धुऱ्यावर ठेवले तर तीच ओढ ३.४ टनांवर येते. अर्ध्या तासाची हमाली आहे, पण मोठ्या विंचपेक्षा कितीतरी स्वस्त.

डब्यावर छापलेला आकडा पूर्ण खरा नसतो, हे दुकानदार सहसा सांगत नाही. ती ताकद फक्त ड्रमवरच्या पहिल्या थराला मिळते, म्हणजे जवळजवळ सगळा दोर बाहेर काढलेला असताना. झाड जवळ असेल, दोर थोडाच सोडला असेल, तर वरच्या थरावर साधारण तिसरा हिस्सा ताकद जाते. ८,००० पौंडांची विंच तिथे २,४०० किलोच्या आसपासच ओढते. त्यामुळे झाड शक्य तितकं लांबचं निवडा. मात्र ड्रमवर लोखंडी दोराचे निदान पाच वेढे राहूच द्या, नाहीतर दोर मुळातून सुटतो.

याच अडचणीवर उपाय म्हणजे बाजूने उघडणारी कप्पी. दुकानात तिला स्नॅच ब्लॉक म्हणतात. कप्पी झाडाला अडकवायची, दोर तिच्यातून फिरवून परत आपल्याच गाडीच्या चेसिसच्या हुकाला लावायचा. वेग निम्मा होतो, ओढ जवळपास दुप्पट. शिवाय दोर जास्त बाहेर येतो, म्हणून खालचा ताकदीचा थर वापरला जातो. मोठी विंच घेण्यापेक्षा मधली विंच आणि चांगली कप्पी हा सौदा बरा. झाडाला मात्र उघडा तार गुंडाळू नका. साल कापली जाते, आणि तारही मोडतो. रुंद पट्टा वापरा, तोही बुंध्याशी खाली. मोकळ्या बांधीत झाडच नसेल तर स्टेपनी खोल खड्ड्यात उभी पुरून तिला दोर बांधता येतो. कष्टाचं काम आहे, पण होतं.

दोर लोखंडी घ्यावा की सिंथेटिक? लोखंडी स्वस्त, दगडावर घासला तरी टिकतो, पण जड. आणि ताणात तुटला तर चाबकासारखा परत येतो, माणूस जागेवर जाऊ शकतो. सिंथेटिक हलका, तुटला तर तेवढा मारा नाही. पण वाळू, चिखल आणि उन्हाने झिजतो, वापरल्यावर धुवून ठेवावा लागतो. घरात मुलं-माणसं मदतीला उभी राहणार असतील तर सिंथेटिकच बरा. दोर कोणताही असो, ताण असताना त्यावर जाड गोणपाट किंवा जुनं ब्लँकेट टाका, बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा दूर उभं करा आणि दोर ओलांडू नका.

इलेक्ट्रिक विंच पूर्ण ताणात ४०० अँपिअरच्या घरात करंट ओढते. गाडीचा अल्टरनेटर तेवढा देतच नाही, बाकी सगळं बॅटरीतून जातं. म्हणून इंजिन चालू ठेवा, मिनिटभर ओढा, थोडा वेळ थांबा. बॅटरी जुनी असेल तर आधी ती बदला. चिखलासाठी आयपी ६७ दर्जाची विंच पाहा, आणि महिन्यातून एकदा चालवत जा.

वर्षात दोन-तीनदाच फसणाऱ्याने हाताने चालवायचं तार ओढणारं यंत्र पाहावं. बॅटरी नको, फिटिंग नको, गावात चार जणांत एक पुरतं. दुसऱ्याची गाडीही काढता येते.

विंच समोरच्या बंपरला नाही, चेसिसला बोल्ट केलेल्या प्लेटवर बसवायची असते. २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाईची सूचना राज्यांना दिली. आधार होता मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीत बदल करण्याबाबतचं. म्हणून जाड लोखंडी बंपरसकट विंच लावण्याआधी भंडाऱ्याच्या आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या.

आणि ट्रॅक्टरनेच काढायची वेळ आली तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच लावा. वर टॉप लिंकच्या जागी किंवा एक्सलला बांधली आणि गाडी हलली नाही, तर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि तो चालकावर उलटतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

गाडीच्या विंचने विहिरीत माणूस उतरवणं किंवा वर काढणं तर अजिबात नको. तिचा ब्रेक ओढण्यासाठी केलेला असतो, जीव टांगून ठेवण्यासाठी नाही.