निमाडचा वालुकाश्म : आधी नदी, मग समुद्र

(नर्मदेच्या पोटात – लेखांक ६)

अजिंठ्याची लेणी दीड हजार वर्षं उभी आहेत. साधारण त्याच काळात कोरलेल्या आणि तशाच रंगवलेल्या बाघच्या लेण्यांची छतं मात्र कोसळली. नऊपैकी काही तर ढिगाऱ्याखाली गेली. कोरणाऱ्यांच्या कसबात फार फरक नव्हता. अजिंठ्याच्या वाट्याला बेसॉल्ट आला, बाघच्या वाट्याला निमाडचा वालुकाश्म. आजचा लेख या दुसऱ्या खडकाबद्दल.

बाघ मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यात आहे. नर्मदेची खचदरी आपण मागच्या लेखांकात पाहिली : दोन्ही अंगांना लांबलचक विभंग आणि मधला पट्टा खाली सरकलेला. बाघच्या परिसरात या पट्ट्यातल्या अतिप्राचीन पायाच्या खडकावर क्रिटेशस काळात जो पहिला गाळ साचला, तो हा वालुकाश्म. वय सुमारे १० कोटी वर्षं. दख्खनचा लाव्हा वाहू लागायला तेव्हा तीन कोटींहून अधिक वर्षं अवकाश होता.

वाळू काय, कुठलीही नदी टाकते. पण आज टाकलेली वाळू उद्याचा पूर उचलून नेतो आणि शेवटी ती समुद्राला मिळते. तळ हळूहळू खचत असेल तरच जुनी वाळू नव्या वाळूखाली गाडली जाते आणि वाचते. खचदरीचं महत्त्व एवढ्यासाठीच. नर्मदेच्या खचदरीने इथे हे काम फार काटकसरीने केलं. बाघच्या आसपास या खडकाची जाडी काही डझन मीटरच भरते. क्रिटेशस काळातल्याच कच्छच्या भूज वालुकाश्माची जाडी मात्र शेकडो मीटर आहे.

ही वाळू नदीचीच, वाऱ्याची किंवा समुद्राची नव्हे, हे कशावरून? अगदी तळाशी पिंडाश्म आहे, म्हणजे गोलसर झालेल्या गोट्यांचा थर. एवढाले गोटे वारा उचलत नाही. वर जावं तशी जाडीभरडी वाळू, मग बारीक, मग कुठे चिकणमाती, आणि मध्येच पुन्हा भरडी वाळू. नदीचं पात्र सरकतं तेव्हा असंच होतं. जिथे जोराचा प्रवाह होता तिथे पुढे संथ पाणी येतं, आणि संथ पाण्याला बारीक कणच पेलवतात. या खालच्या भागात समुद्री शंख-शिंपले सापडत नाहीत, हेही नोंदवायला हवं.

मला सर्वात बोलका पुरावा वाटतो तो तिरप्या थरांचा. उघड्या कड्यावर दोन आडव्या रेषांच्या मध्ये कलत्या रेषांची दाट ओळ दिसते. नवख्याला वाटतं, भूकंपाने थर कलले असावेत. तसं नसतं, ते कललेलेच जन्माला आले. नदीच्या तळाशी वाळूचे उंचवटे असतात. प्रवाह कणांना चढाच्या बाजूने वर लोटतो आणि माथ्यावर पोचलेले कण पलीकडच्या उतारावर घसरतात. बाजार समितीत धान्याची रास ओतताना दाणे ज्या बेताच्या उतारावर थांबतात, तसाच हा उतार, फार तर तीसेक अंशांचा. घसरणीमागून घसरण होते, थरावर थर बसतो आणि उंचवटा पुढे सरकतो. हे थर ज्या दिशेला उतरतात, ती प्रवाहाची दिशा. अशी शेकडो मोजमापं घेतली की नाहीशा झालेल्या नदीचा ओघ नकाशावर काढता येतो. बेसॉल्टमध्ये वाढलेल्या आपल्यासारख्यांना दगडातली ही लिपी सहसा पाहायला मिळत नाही.

आता लेण्यांकडे. वालुकाश्म म्हणजे गारगोटीचे कण आणि त्यांना धरून ठेवणारं डिंकासारखं द्रव्य. ते द्रव्य कमी असेल तर दगड छिन्नीला चटकन वश होतो, आणि पाण्यालाही. बाघच्या लेण्यांवर चिकणमातीच्या दगडाचा थर आहे. त्याचं वजन खालच्या वालुकाश्मावर, आणि पावसाळ्यात झिरपणारं पाणीही त्याच्याच अंगात. कोरणाऱ्यांना धोका कळला असणार, कारण सभामंडपाच्या मधोमध त्यांनी जादा खांब ठेवले आहेत. तेही पुरले नाहीत.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाघ ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानात होतं. त्या काळात संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे यांच्या देखरेखीखाली इथे ढिगारे उपसण्याचं आणि डागडुजीचं काम झालं. १९२१ मध्ये नंदलाल बोस, असितकुमार हलदार आदी चित्रकारांनी भित्तिचित्रांच्या नकला केल्या. उरलेली बहुतेक मूळ चित्रं १९८२ मध्ये भिंतींवरून काढून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात नेली गेली. दगडावर भरवसा राहिला नव्हता, असाच याचा अर्थ.

आता पुन्हा खडकाकडे. बाघच्या थरांचं वर्णन भूवैज्ञानिक डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी १८६९ मध्ये केलं. प्रमथनाथ बोस यांनी १८८४ च्या अहवालात त्यांची उतरंड नीट लावली. मयूरभंजच्या लोहखनिजाबद्दल १९०४ मध्ये जमशेटजी टाटांना पत्र लिहिणारे ते हेच बोस. जमशेदपूरच्या कहाणीत त्यांचं नाव हमखास येतं, निमाडच्या या कामाची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही.

त्या उतरंडीत निमाडचा वालुकाश्म सर्वात खाली. त्याच्या वरच्या भागात मात्र चित्र पालटतं. समुद्रकाठच्या वाळूत राहणाऱ्या, कोळंबीच्या नात्यातल्या प्राण्यांची फांद्याफांद्यांची बिळं दिसू लागतात. कालवांचे थर येतात. काही ठिकाणी ग्लॉकोनाइटची हिरवट छटा येते, आणि हे खनिज बहुतांशी समुद्रतळाशीच तयार होतं. नदीमुखाची खाडी झाली होती आणि खचदरीतून समुद्र आत सरकत होता. त्याने वालुकाश्मावर जे पसरलं, तो गाठाळ चुनखडक पुढच्या आठवड्यात.