रूगर पिस्तुलाचा चाप

पिस्तुलाच्या गुणदोषांची चर्चा निघाली म्हणजे बोलणारे बहुधा नळीविषयी बोलतात, तिच्या आतील पिळाविषयी बोलतात, फार तर टोकावरच्या माशीविषयी बोलतात. परंतु धरलेला नेम बिघडविण्याचे सामर्थ्य जितके चापात आहे तितके या कशातच नाही, कारण नळीचे काम गोळी सुटल्यावर सुरू होते आणि चाप मात्र हात अजून अधांतरी असतानाच त्याला ढकलू लागतो. पॉइंट टू-टूच्या बारीक काडतुसाचे, कागदी निशाणावर झाडावयाचे जे पिस्तूल असते त्यात हे विशेष जाणवते. तेथे धक्का नाममात्र असल्यामुळे चुकीचे खापर धक्क्यावर फोडण्याची सोय उरत नाही. अशा पिस्तुलांपैकी ज्याचा चाप हौशी लोकांनी सर्वाधिक वेळा उघडला, घासला, बदलला आणि प्रसंगी बिघडविलाही असेल, ते माझ्या मते अमेरिकेतील रूगर पिस्तूल होय.

विल्यम रूगर आणि अलेक्झांडर स्टर्म या दोघांनी १९४९ साली कनेक्टिकट राज्यातील साउथपोर्ट येथे पन्नास हजार डॉलरच्या भांडवलावर कारखाना काढला आणि ३७.५० डॉलर किमतीचे हे पिस्तूल बाजारात आणले. बाह्याकृती जर्मन लुगरची आठवण करून देणारी, आत मागेपुढे सरकणाऱ्या नळकांड्यासारख्या बोल्टची कल्पना जपानी नांबूवरून सुचलेली, आणि मुठीचा सांगाडा पत्र्याचे दोन अर्धे भाग दाबून एकमेकांस जोडलेला, असा हा काटकसरीचा संसार होता. १९५१ मध्ये स्टर्म अकाली निवर्तला तेव्हा रूगरने बोधचिन्हातील तांबडा गरुड काळा करविला. स्पर्धेसाठी लांब नळीचे आणि नेमाची मागची खाच सरकविता येणारे ‘मार्क वन टार्गेट’ही त्याच वर्षीचे. पुढे १९८२ मध्ये मार्क टू, नव्या शतकाच्या आरंभी मार्क थ्री आणि २०१६ मध्ये मार्क फोर असा वंशविस्तार झाला; पण पोटातील रचनेचा मूळ आराखडा फारसा बदलला नाही.

तो आराखडा असा. घोडा बाहेरून दिसत नाही, तो आत असतो. मुठीच्या मागच्या अंगात बसविलेली मुख्य स्प्रिंग एका दांडीच्या द्वारे त्याला पुढे रेटीत असते, आणि सीअर नावाचा छोटासा पोलादी खटका घोड्याच्या खाचेत दात रोवून त्याला थोपवून धरतो. चाप दाबला की कडेने गेलेली लांबट पट्टी सीअरला ढकलते, दात खाचेतून निसटतो, घोडा उसळून फायरिंग पिनवर आदळतो, आणि पिन काडतुसाच्या बुडाच्या काठावर बसते. या जातीच्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या मध्यभागी नसून सभोवारच्या पोकळ काठात भरलेला असतो. नेमबाज ज्याला चांगला चाप म्हणतो तो बव्हंशी त्या दाताचा आणि खाचेचा व्यवहार होय. बोट टेकताच प्रथम थोडी ढिलाई निघून जाते. मग दात खाचेवरून सरकू लागतो, आणि पृष्ठभाग खडबडीत असेल तर बैलगाडीचे चाक खडीवरून जावे तसा तो बोटाला खडखडत लागतो. शेवटी निसटतो, आणि निसटल्यावरही बोटाचा जोर चापाला आणखी मागे नेतो. ही शेवटची धाव सर्वांत घातक, कारण गोळी अजून नळीतच असते आणि बोट आपटून माशी हलते.

नवशिक्याची मागणी मात्र एकच असते, चाप हलका हवा. वस्तुतः हलकेपणाला नियमांनीच मर्यादा घातली आहे. अमेरिकेतील पारंपरिक ‘बुल्सआय’ स्पर्धेत, जेथे पन्नास यार्डांवर दहा मिनिटांत दहा आणि पंचवीस यार्डांवर दहा सेकंदांत पाच गोळ्या एका हाताने झाडाव्या लागतात, पॉइंट टू-टूच्या चापाचा भार दोन पौंडांहून कमी चालत नाही. आंतरराष्ट्रीय पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात तो किमान १००० ग्रॅम असावा लागतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत पालेमबांग येथे बरोबरी सुटेपर्यंत जादा फेऱ्या झाडून सुवर्णपदक मिळविले ते याच प्रकारात. त्याच्या जलद भागात निशाण तीन सेकंद दिसते, सात सेकंद लपते, आणि ते दिसते तेवढ्याच अवधीत पंचेचाळीस अंशांवर झुकलेला हात वर उचलून एक गोळी सोडावयाची असते. पंच पिस्तुलाची नळी उभी धरतात, चापाला वजन टांगतात आणि ते जमिनीवरून अलगद उचलले जाते की नाही हे पाहतात. दात निसटला तर पिस्तूल नापास. म्हणून जाणता नेमबाज हजार ग्रॅमांशी भांडत बसत नाही. दोन टप्प्यांचा चाप असेल तर बहुतेक भार तो पहिल्या टप्प्यावर टाकतो आणि दुसऱ्यावर थोडाच शिल्लक ठेवतो, आणि शंभराव्या गोळीलाही चाप पहिल्या गोळीइतकाच लागावा एवढाच आग्रह धरतो.

रूगरमध्ये ही सुधारणा दोन मार्गांनी होते. एक जुना मार्ग, बारीक दगडावर दात आणि खाच घासण्याचा. तो मला मुळीच पसंत नाही. जेथे पोलादाचे काठिण्य वरच्या थरापुरतेच असते तेथे तो थर गेला की खालचे मऊ पोलाद झपाट्याने झिजते. आणि कोन तसूभर जरी चुकला तरी दात खाचेत टिकेनासा होतो, घोडा बोल्टच्या मागोमाग धावतो, आणि एका दाबात दोन गोळ्या सुटतात. दुसरा मार्ग तयार भाग बदलण्याचा. आयोवा राज्यातील व्होल्कवार्टसन कारखान्याने बनविलेले सीअर, घोडे आणि चाप या कामी प्रसिद्ध आहेत. त्यांच्या चापात दोन चिमुकले स्क्रू असतात, एक आधीची ढिलाई कमी करणारा आणि दुसरा नंतरची धाव रोखणारा. बहुतेक तक्रारींचा उगम या दोघांतच सापडतो. पहिला जास्त आवळला तर पट्टी सीअरच्या मागे परत बसत नाही आणि चाप मृतवत् होतो. दुसरा जास्त आवळला तर निसटलेला घोडा सीअरला घासत पुढे जातो, घाव दुबळा पडतो, आणि मालक काडतुसाच्या कारखान्याला दूषणे देत बसतो. शिवाय धक्क्यांनी स्क्रू आपोआप फिरतात. म्हणून जुळणी झाल्यावर त्यांवर डिंकासारख्या द्रवाचा थेंब सोडण्याचा शिरस्ता आहे.

मार्क थ्रीमध्ये मॅगझीन काढले असता पिस्तूल उडू नये अशी तरतूद केली होती. तिने चापाच्या मार्गात आणखी एक अडथळा आणला आणि खोलून जोडणेही किचकट केले, म्हणून पुष्कळांनी मार्क टूची साधी बुशिंग घालून ती काढून टाकली. मैदानावर पंचांच्या नजरेखाली हे चालून जाईल. पण मुलेबाळे वावरतात त्या घरात सुरक्षेची तरतूद काढून चाप गोड करणे मला पटत नाही.

बिघाड शोधताना पहिला साक्षीदार म्हणजे न उडालेले काडतूस. मात्र काही सेकंद नळी निशाणाकडेच रोखून थांबल्यावाचून ते बाहेर काढू नये, कारण मसाला उशिरानेही पेटतो. काठावरचा घाव खोल असेल आणि काडतूस फिरवून पुन्हा मारल्यावर ते उडाले, तर मसालाच काठात असमान पसरलेला होता, चापाचा काही दोष नाही. घाव उथळ असेल तर पिनच्या वाटेतील घाण, थकलेली स्प्रिंग, किंवा शिसे आणि मेण साचल्यामुळे पुरते आत न बसलेले काडतूस, यांकडे पाहावे. पिनला पुढे जास्त धावू न देणारी एक लहान आडवी खीळ बोल्टमध्ये असते. पिस्तूल साफ करून जोडताना ती विसरली गेली, की रिकामा चाप दाबण्याच्या सरावात पिन नळीच्या काठावरच घाव घालते आणि तेथे उठलेल्या फुगवट्यामुळे काडतुसे अडकू लागतात. मार्क थ्रीपर्यंतच्या पिस्तुलांत जोडणीची खरी कसोटी घोड्याच्या दांडीची आहे. मुठीतील स्प्रिंगचा डबा वर मिटविताना पिस्तूल योग्य दिशेने कलते धरले नाही तर ती दांडी आपल्या वाटीत पडत नाही, बोल्ट पुरता मागे येत नाही, आणि सज्जन माणूसही पुटपुटू लागतो. मार्क फोरने एका बटणाने ही विवंचना संपविली. पण २०१७ च्या जून महिन्यात त्याच कारखान्याला सुरक्षापत्रक काढावे लागले, कारण सुरक्षेची कळ अर्धवट स्थितीत असताना चाप दाबला गेला, तर नंतर कळ सरकविताच गोळी सुटण्याचा संभव आढळला होता.

दुरुस्तीनंतर मॅगझीनमध्ये प्रथम एकच काडतूस घालतात, मग दोन, आणि दोन्ही वेगवेगळ्या दाबांनी सुटली तरच भरलेले मॅगझीन लावतात. अमेरिकेत हे सारे मालक आपल्या टेबलावर करतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने शस्त्रांच्या निर्मितीबरोबर त्यांची दुरुस्तीही परवान्याच्या कक्षेत आणली आहे. त्यामुळे येथील नेमबाजाने बाहेरून फिरविण्यासाठी दिलेले स्क्रू तेवढे फिरवावेत, दात आणि खाच यांचे काम परवानाधारक कारागिराकडेच सोपवावे.